पेटोर्काचं पाणी कुणाच्या नावावर आहे?

रानजाई

नमस्कार. सान्तियागोला येऊन सहा वर्षं झाली. चिलीतल्या पाण्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण ऐकीव गोष्टींवर लिहायला हात धजत नव्हता. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीच्या माहेरी दोन रात्री राहून आले. आता लिहिते.

तिचं गाव पेटोर्का प्रांतात, इथून उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटरवर. हमरस्त्याने जाताना आधी ला लिग्वा लागतं. तिथे पांढरे कोट घातलेली माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून पांढरं फडकं हलवतात आणि गाडी थांबली की खिडकीशी येऊन मिठाई विकतात. लोक त्यांना 'पालोमिता' म्हणतात, म्हणजे कबुतरं. तिथून आत वळलं की नदी येते. पूल आहे, नावाची पाटी आहे आणि खाली नुसते गोटे. पात्राच्या कडेने एस्पिनोची काटेरी झाडं, आपल्या बाभळीच्याच भावकीतली. या खोऱ्यांतली पेटोर्का नदी सरकारने १९९७ साली आणि ला लिग्वा नदी २००४ साली 'संपली' असं जाहीर केलं. म्हणजे नदीचं पाणी यापुढे नव्याने कुणालाच देता येणार नाही. २०१० पासून मध्य चिलीत सलग अवर्षण सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पावसाने पाठ फिरवायच्या आतच नदी कागदावर वाटून संपली होती.

मैत्रिणीच्या आईला मी काकूच म्हणते. अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या, तसंच म्हणत जा. काकू, त्यांचा मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू, असं चौघांचं घर. परसात विहीर आहे, तिच्यावर पत्रा टाकलाय. टँकर आठवड्यातून एकदा येतो. माणशी रोज ५० लिटर असा हिशोब, म्हणजे चौघांना आठवड्याला १,४०० लिटर. प्यायचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं, संडासाचं, सगळं त्यात बसवायचं.

मोरीजवळ तीन बादल्या ओळीने ठेवलेल्या. पहिलीत भाजी-फळं धुतलेलं पाणी. त्यातच भांड्यांना पहिला हात मारायचा, मग ते दुसऱ्या बादलीत, आणि ती बादली संडासात. तिसरी अंघोळीची: पायाखाली टब ठेवून अंघोळ करायची आणि ते पाणी दारातल्या लिंबाला घालायचं. मी पहिल्या दिवशी सवयीने हात धुतले ते थेट मोरीत. कुणी काही बोललं नाही. नातवाने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि मग कसं करायचं ते दाखवलं. बाटलीच्या बुचाला भोक पाडलेलं असतं. दोन थेंबांत हात ओले करायचे, बाटली उभी ठेवायची, साबण चोळायचा आणि मग धार, तीही बादलीवर धरून. सात वर्षांचं पोर हे न चुकता करत होतं.

संध्याकाळी इथे 'ओन्से' असतं. चहा, मार्राकेता नावाचा पाव आणि त्यावर मीठ घालून कुस्करलेला पाल्ता. पाल्ता म्हणजे अ‍ॅव्होकाडो. काकूंनी एकच फळ कापलं, सगळ्यांत मिळून एक, बाजारातून विकत आणलेलं. समोर खिडकीतून अख्खा डोंगर दिसत होता, पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाल्त्याच्या बागा. उतारावर ठिबकच्या नळ्या सरळ वर गेलेल्या आणि वर काळ्या प्लास्टिकचं भलंमोठं शेततळं. बागेच्या कुंपणापलीकडचा डोंगर भुरा, अलीकडचा गर्द हिरवा. रेघ मारल्यासारखा फरक.

२०२० च्या एप्रिलमध्ये, करोना आल्यावर, आरोग्य खात्याने इथल्या माणसांना रोज १०० लिटर द्यायचा आदेश काढला आणि थोड्याच दिवसांत मागे घेतला. पुन्हा ५०. हात धुवा, हात धुवा म्हणून रेडिओ ओरडत होता ते दिवस. शेवटी मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की १०० लिटर द्या. काकूंना विचारलं, मिळतं का? म्हणाल्या, कधी मिळतं, पण टाकी अजून जुनीच आहे, जास्त भरायला जागा कुठे?

इथे भिंतींवर एक घोषणा दिसते: 'नो एस सेकिया, एस साकेओ'. आपल्या भाषेत सांगायचं तर दुष्काळ नव्हे, दरोडा.

नीलाक्षी_लातूर

ताई, बादल्यांचं वाचून घशाशी आलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आम्ही लातुरातच होतो. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली होती. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. अजूनही ती ग्लास अर्धाच भरून घेते, लागलं तर परत घेते. ही सवय मी लावलेली नाही, त्या उन्हाळ्याने लावली.

एक विचारायचंय. डोंगरावरच्या बागेला पाणी आहे आणि खालच्या घराला नाही, हे कायद्यात कसं बसतं?

रानजाई

नीलाक्षी, मुलीबद्दल वाचून तो नातूच डोळ्यांसमोर आला.

कायद्यात बसतं, कारण कायदाच तसा केलाय. पिनोचेतच्या लष्करी राजवटीत १९८१ साली पाण्याची संहिता आली. तिने पाणी जमिनीपासून तोडलं. जमीन एकाची आणि तिच्याखालचं पाणी दुसऱ्याचं असू शकतं. सरकारकडे अर्ज करायचा, पाणी शिल्लक असेल तर हक्क फुकट मिळायचा, तोही कायमचा. पुढे तो हक्क विकता येतो, भाड्याने देता येतो, गहाण ठेवता येतो. १९८० च्या राज्यघटनेने त्याला खासगी मालमत्तेचं संरक्षण दिलं. ज्याला वकील, इंजिनिअर आणि सान्तियागोतलं ऑफिस परवडत होतं तो पुढे गेला. गावातल्या माणसाला पाण्यासाठी अर्ज करावा लागतो हेच कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. आजोबांच्या काळापासून वाहतंय ते आपलंच, ही त्यांची समजूत.

नव्वदच्या दशकात पाल्त्याला परदेशात, आधी मुख्यतः अमेरिकेत आणि पुढे युरोपात, गिऱ्हाईक मिळालं. या डोंगरांवर कधीच शेती नव्हती, चढच तेवढा आहे. ठिबक आली, पंप आले आणि डोंगर विकत घेतले गेले. त्यातही हक्काचं पाणी पुरेना म्हणून चोरी. २०११ साली चिलीच्या जलखात्याने उपग्रहाच्या मदतीने पाहणी केली तेव्हा नद्यांचं पाणी खासगी बागांकडे नेणाऱ्या जमिनीखालच्या किमान ६५ बेकायदा वाहिन्या सापडल्या.

एप्रिल २०२२ मध्ये संहिता बदलली. आता पिण्याच्या पाण्याला आधी मान आहे आणि नवे हक्क ३० वर्षांच्या मुदतीचे असतात. पण जे आधीच वाटून झालंय ते मुख्यतः तसंच आहे, आणि पेटोर्कात नवं द्यायला उरलंय काय?

डाळिंबवाला सांगोला

ताई, लेख वाचला, वाईट वाटलं. पण एक बोलतो, राग मानू नका. असल्या लिखाणात शेवटी बागायतदार चोर ठरतो. माझी साडेतीन एकर डाळिंब आहे. दुष्काळात विकतच्या टँकरने बाग जगवली, व्याजाने पैसे काढून. एकेका झाडाला बादली मोजून पाणी घातलंय. झाड म्हणजे चार वर्षं वाढवलेलं लेकरू असतं, ते डोळ्यांदेखत वाळताना बघवत नाही. तेव्हा गावात प्यायला पण टँकरच होता. म्हणून मी दरोडेखोर झालो का? तिकडे पण माझ्यासारखी माणसं असणारच की. त्यांचं काय झालं ते पण लिहा.

रानजाई

दादा, राग कसला, हे माझ्याकडून राहूनच गेलं होतं. बरं झालं विचारलंत.

आहेत, आणि सगळ्यांत आधी तीच माणसं बुडाली. काकूंच्या दिरांची एक हेक्टरच्या आत पाल्त्याची बाग होती. मी पाहिली. पाल्त्याला पाणी कमी पडलं की शेवटचा उपाय म्हणून फांद्या पार छाटतात, नुसता खुंट ठेवतात आणि सालीला ऊन लागून ती फाटू नये म्हणून वर पांढरा रंग देतात. पाणी आलं तर खुंट फुटतो. त्यांच्या शेतात असे पांढरे खुंट ओळीने उभे आहेत. दुरून स्मशानभूमीच वाटते. ते रोज सकाळी तिथे जाऊन येतात. काय बघायला जातात ते मी विचारलं नाही.

त्यांच्या विहिरीला पाणी होतं. वरच्या अंगाला मोठ्या बागेने खूप खोल बोअर घेतली, दोन वर्षांत विहीर आटली. त्यांनीही खोल जायचं ठरवलं, पण कर्ज मिळालं नाही. आता ते त्याच मोठ्या बागेत हंगामाला मजुरीला जातात. तेव्हा तुमचं अगदी बरोबर आहे, भांडण झाडं लावणाऱ्याशी नाही. ज्याची बोअर खोल त्याचं पाणी, या न्यायाशी आहे.

दक्षिणवारा

मी २०२३ मध्ये उरुग्वेत, मोंतेविदेओला होतो, कंपनीच्या कामावर. तिथलं सांगतो, कारण ते या धाग्याच्या उलट टोकाचं उदाहरण आहे.

उरुग्वेने २००४ साली सार्वमत घेऊन पाणी हा मूलभूत मानवी हक्क आहे असं थेट राज्यघटनेत लिहिलं. पाणीपुरवठा सरकारी संस्थेचाच असला पाहिजे हेही त्यातच. चिलीच्या बरोबर उलट. तरीही २०२३ च्या मे-जूनमध्ये (तिकडे तेव्हा हिवाळा सुरू होतो) राजधानीच्या नळाला खारं पाणी आलं. तीन वर्षं पाऊस कमी, पासो सेवेरिनो हे ६७ दशलक्ष घनमीटरचं मुख्य धरण तळाला गेलेलं. मग साठा पुरवायला ला प्लाता नदीच्या मुखाकडचं, समुद्र मिसळलेलं पाणी पुरवठ्यात मिसळायला लागले. पाण्यातल्या सोडियमची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम होती, ती तात्पुरती ४४० वर नेली. जूनमध्ये आणीबाणी जाहीर झाली.

माझी बायको तेव्हा सहा महिन्यांची गरोदर. डॉक्टर म्हणाले, नळाचं पिऊ नका. रक्तदाबवाल्यांना, किडनीच्या रुग्णांना तेच सांगितलं होतं. बाटलीबंद पाण्यावरचा कर सरकारने काढला, तरी दुकानातले रॅक दुपारपर्यंत रिकामे. आम्हाला परवडत होतं. आमच्या इमारतीत साफसफाईला येणाऱ्या बाईंच्या घरी तान्हं बाळ होतं, वरच्या दुधावर. त्या पगारातला किती भाग बाटल्यांवर घालवत होत्या ते एकदा त्यांनी बोटावर मोजून दाखवलं होतं. तिथली माणसं थर्मास काखेत धरून दिवसभर 'माते' नावाच्या पानांचा काढा पितात. बसस्टॉपवर अनोळखी माणसंही एकमेकांना विचारायची, आज चव कशी आहे? ऑगस्टमध्ये पाऊस झाला आणि पाणी निवळलं.

घटनेत हक्क होता. धरण मात्र वाढत्या शहराच्या मानाने पुरेसं नव्हतं, आणि गळतीत पाण्याचा मोठा वाटा वाया जात होता. नुसता हक्क लिहून घागर भरत नाही, हे तिथे राहून कळलं.

अंगणवाडीची ताई

मी मेळघाटात पोषणाच्या कामावर सात वर्षं होते, नंतर दीड वर्ष एका संस्थेतर्फे ग्वाटेमालात, चिकिमुला भागात. त्या पट्ट्याला 'कोररेदोर सेको', कोरडा पट्टा म्हणतात. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्व्हादोर, निकाराग्वा असा तो पसरलेला आहे.

इथे धरण-बोअरचा विषयच नाही. चढावरची एखाद-दीड एकर जमीन, तीही पुष्कळदा खंडाची, आणि त्यात मका आणि राजमा. सगळी भिस्त पावसावर. पावसाळ्याच्या मध्ये जुलै-ऑगस्टला उघडीप येते, तिला 'कानिकुला' म्हणतात. दोन-तीन आठवड्यांची असते तोवर ठीक. २०१४, २०१५ आणि २०१८ साली ती इतकी लांबली की मका कणसात दाणा भरायच्या आत वाळला. पूर्वी अशा वर्षी बाप्ये होंडुरासच्या कॉफीच्या मळ्यात तोडीला जायचे. २०१२-१३ ला कॉफीवर तांबेरा आला आणि ती मजुरीही आटली. नोव्हेंबर २०२० मध्ये तर एटा आणि आयोटा ही दोन चक्रीवादळं दोन आठवड्यांच्या अंतराने आली. कोरड्याने जे वाचलं ते ओल्याने गेलं.

दंडघेराची पट्टी (मुलाच्या दंडाचा घेर मोजते; लाल म्हणजे तीव्र कुपोषण, पिवळा मध्यम, हिरवा ठीक) मी मेळघाटातही लावली आणि तिथेही. तीच पट्टी, तेच रंग. तिथल्या चोर्ती माया आदिवासींच्या एका घरात दीड वर्षाच्या मुलीच्या दंडाला पट्टी लाल आली, तेव्हा आईने माझा हात धरून पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा लाल. घरात त्या दिवशी मक्याची भाकरी आणि मीठ, एवढंच होतं. ग्वाटेमालात पाच वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. २०१४-१५ च्या सरकारी पाहणीत ४६.५ टक्के आली होती.

आणि याच देशाने जगाला एक मोठी गोष्ट शिकवली. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत संशोधन झालं. दोन गावांतल्या मुलांना 'आतोले' नावाची प्रथिनं असलेली पेज दिली, दोन गावांत नुसतं गोड पेय. पुढे ती मुलं मोठी झाल्यावर पाहिलं, तर पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या मुलग्यांची मोठेपणी तासाची कमाई ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. 'पहिले हजार दिवस' म्हणून आपल्या अंगणवाड्यांत जी पोस्टरं लागतात, त्यामागे या खेड्यांतल्या आया-मुलांचा मोठा वाटा आहे. इलाज त्यांच्या गावात सापडला, आणि निम्म्या मुलांपर्यंत अजून पोचलेला नाही. मला हे लिहितानाही रडू येतं.

नीलाक्षी_लातूर

अंगणवाडीची ताई, त्या मुलीचं पुढे काय झालं?

अंगणवाडीची ताई

उपचाराला लागली, सहा आठवड्यांत पिवळ्यात आली. मी निघाले तेव्हा हिरवी होती. वडील उत्तरेला अमेरिकेकडे निघून गेले होते, वाटेतून फोन आला होता एवढंच आईला माहीत होतं.

पुरंदरे आजोबा

मी निवृत्त पाटबंधारे अभियंता. रानजाई यांनी लिहिलं की १९८१ च्या कायद्याने चिलीत पाणी जमिनीपासून तोडलं. यात एक गोष्ट तरुण वाचकांना सांगावीशी वाटते.

पाणी जमिनीपासून तोडण्याचं काम आपल्या पुरंदर तालुक्यातही झालं, १९७२ च्या दुष्काळानंतर, नायगावला. विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत. त्यांनीही हेच म्हटलं की ज्याची जमीन त्याचं पाणी हे चालणार नाही. पण मग पाणी कुणाचं? तर माणसाचं. घरात जेवढी डोकी तेवढा वाटा, माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतका आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकलं जात नाही. मी नोकरीत असताना नायगावला जाऊन आलो आहे. पाणी वाटणारा पाटकरी कोणत्या शेतात किती वेळ पाणी सोडलं ते वहीत लिहायचा आणि ती वही कुणीही बघू शकायचं.

म्हणजे सुरुवात एकच, जमिनीपासून पाणी सोडवायचं. एकाने सोडवून ते माणशी वाटलं, दुसऱ्याने सोडवून बाजारात मांडलं. आपल्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात पाण्याचे कोटे ठरवायची आणि ते हंगामापुरते विकण्या-घेण्याची तरतूद आहे, हे फार थोड्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ती वाचताना मला नेहमी चिली आठवतं. नायगाव आठवावं अशी माझी इच्छा आहे.

डाळिंबवाला सांगोला

आजोबा, हे माहीत नव्हतं. कोटे विकायची तरतूद आहे म्हणता, मग उद्या आमच्या पाटाचं पाणी साखर कारखान्याने किंवा शहराने विकत घेतलं तर? आमच्या पाणी वापर संस्थेच्या पुढच्या बैठकीत विचारतो. कायद्याचं कलम सांगाल का?

पुरंदरे आजोबा

कलम ११. मूळ कायदा काढून वाचा, त्यानंतरच्या दुरुस्त्याही पाहा. 'नियमनाखाली' हा शब्द आहे, म्हणजे मोकाट बाजार नाही. पण नियमन करणारा कुणाचं ऐकतो, हे तुम्हालाच बघायचं आहे.

दक्षिणवारा

रानजाई, एक राहून राहून विचारावंसं वाटतंय. चिलीत सप्टेंबर २०२२ ला नव्या राज्यघटनेवर मतदान झालं. त्या मसुद्यात पाणी कुणाच्याच मालकीचं नाही असं लिहिलं होतं ना? मग तो पडला कसा? निदान पेटोर्काने तरी बाजूने मत द्यायला हवं होतं.

रानजाई

हाच प्रश्न घेऊन मी गेले होते.

देशभरात ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. पेटोर्कातही निम्म्याहून जास्त लोकांनी नाहीच म्हटलं. ज्या गावांमुळे पाण्याचा प्रश्न देशाला कळला तीच गावं. 'मोदातिमा' ही पाण्याच्या हक्काची चळवळ २०१० साली इथूनच सुरू झाली. तिचे एक प्रवक्ते रोद्रिगो मुंदाका यांना २०१९ साली न्यूरेंबर्गचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये याच वाल्पाराइसो प्रांतसमूहाचे गव्हर्नर म्हणून लोकांनी त्यांना निवडून दिलं. चळवळीतल्या बायका-पुरुषांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तरी ते हटले नाहीत. म्हणजे चळवळ लोकांना नको होती असं अजिबात नाही.

मसुदा लांबलचक होता, त्यात पाण्याखेरीज शंभर गोष्टी होत्या, आणि तुमचं घर काढून घेतील अशा अफवा फोनवर फिरत होत्या. ही कारणं वर्तमानपत्रांतही आली. मला कळलं ते काकूंच्या स्वयंपाकघरात.

ओन्सेनंतर भांडी आवरताना मी विचारलं, काकू, तुम्ही कुठे मत दिलंत? त्यांनी हात पुसले, वरच्या फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत नवऱ्याचा फोटो, घराचे कागद आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक दाखला. परसातल्या विहिरीच्या पाण्याचा हक्क, नवऱ्याच्या नावावर, सेकंदाला अर्धा लिटर. नवऱ्याने त्यासाठी किती खेटे घातले, कोणत्या वर्षी गाय विकली, ते सगळं त्यांनी सांगितलं. पाणी कुणाचंच नाही असं लिहिणार म्हटल्यावर हा कागद जाईल असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी 'नाही'वर खूण केली.

रात्री मी फोनवर हिशोब केला. सेकंदाला अर्धा लिटर म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. विहीर अकरा वर्षांपूर्वी आटली. काकूंनी कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला, पिशवीत घातला, डबा फळीवर ठेवला आणि भांड्यांची बादली उचलून संडासाकडे गेल्या.